रन्वारचे हात आणि आपलें घर

[नभोवाणीवरील भाषण]



सांधेदुखी हा विषय इतिहासाच्या मास्तरानें बोलण्याजोगा आहे काय, अशी शंका आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत येईल. वैद्यानें औषध सांगावें आणि मास्तरानें सनावळ्या सांगाव्या, ही वाटणी योग्यच आहे. तथापि कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, तीं माणसाला सोडूनही जात नाहींत आणि एकदम नेतही नाहींत. त्यांच्याबरोबर वीस-वीस, तीस-तीस वर्षें एका घरांत राहावें लागतें. अशा दुखण्याचा अर्धा इतिहास दवाखान्यांत घडतो आणि अर्धा स्वयंपाकघरांत, मोरीवर व अंथरुणापाशीं घडतो. हा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. सुदैवानें एका घरापुरता तो लिहिला गेला आहे. कारण त्या घरांतील रोगी जगप्रसिद्ध चित्रकार होता.

ह्या इतिहासाकडे मी वळलों, त्याला एक घरगुती कारण झालें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीच्या बोटांचे सांधे सुजूं लागले. सकाळीं मूठ वळेना, लोणच्याच्या बरणीचें झांकण फिरेना, कणीक मळतांना डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, आणि मीं, घरांतला शहाणा पुरुष म्हणून, वर एक हुकूम सोडला : "आजपासून कांहीं करावयाचें नाहीं. स्वस्थ बसावयाचें." सहा महिने ती बसली. औषधांनीं दुखणें थोडें उतरलें, पण बोटें अधिकच आखडलीं. आणि जिचें त्या स्वयंपाकघरावर राज्य होतें, ती पाहुण्यासारखी खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या हातांकडे पाहूं लागली. माझा हुकूम प्रेमाचा होता, पण चुकीचा होता. तो कोठें चुकला, हें मला एका फ्रेंच चित्रकाराच्या चरित्रावरून समजलें.

ऑग्यूस्त रन्वार हा २५ फेब्रुवारी १८४१ रोजीं फ्रान्समधील लिमोझ गांवीं एका शिंप्याच्या घरीं जन्मला. पोरवयांतच तो पॅरिसमध्यें चिनीमातीच्या भांड्यांवर नक्षी रंगविण्याच्या कामाला लागला. पुढें मोने, सिस्ले प्रभृति सोबत्यांबरोबर त्यानें उघड्या हवेंतील उजेडाची ती चित्रकला रूढ केली, जिचें पहिलें प्रदर्शन १८७४ सालीं भरलें आणि जिला लोकांनीं प्रथम थट्टेनें 'इंप्रेशनिस्ट' असें नांव ठेवलें. पन्नाशी उलटली, नांव झालें, चित्रें विकूं लागलीं, आणि नेमके त्याच वेळीं, म्हणजे १८९२ च्या सुमारास, त्याचे सांधे दुखूं लागले. १८९७ मध्यें सायकलवरून पडून त्याचा उजवा हात मोडला. तो हात बरा झाला. परंतु पुढच्या कांहीं वर्षांत सांध्यांचें दुखणें बळावत गेलें आणि साठीनंतर तर त्यानें सर्व अंग व्यापलें. बोटें तळव्याकडे वळलीं, खांदे व कोपर आखडले, देह वाळला.

येथें थोडें थांबून, हें दुखणें कोणतें, तें सांगितलें पाहिजे. आपण बोलतांना 'संधिवात' ह्या एका नांवाखालीं निदान दोन निराळीं दुखणीं एकत्र करतों. एक झिजेचें : वय, वजन, जुनी दुखापत ह्यांमुळें गुडघा, खुबा, अंगठ्याचें मूळ अशा ठिकाणची कूर्चा झिजते. दुसरें दाहाचें : शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकून सांध्याच्या आंतील अस्तरावर उलटते. मग सांधे सुजतात, बहुधा दोन्ही बाजूंचे सारखेच सुजतात, सकाळीं तास-तास आखडून राहतात, आणि वेळीं उपचार न झाल्यास वाकडे होतात. रन्वारचें दुखणें ह्या दुसऱ्या जातीचें होतें.

हा भेद ओळखावयास जगाला फार काळ लागला. आपल्याकडे माधवकरानें बारा-तेराशें वर्षांपूर्वीं 'माधवनिदान' ह्या ग्रंथांत 'आमवात' ह्या नांवानें स्वतंत्र प्रकरण लिहिलें. 'वातरक्त' हा निराळा विकार चरकसंहितेंत त्याच्याही आधींच सांगितलेला होता. युरोपांत पुष्कळशी सांधेदुखी 'गाउट' ह्या एका शब्दांत कोंबण्याची चाल होती, आणि गाउट म्हणजे खाऊनपिऊन सुखी अशा पुरुषांचा रोग, असा समज होता. १८०० सालीं पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयांतील लाँद्रे-बोव्हे ह्या तरुण वैद्यानें नऊ स्त्रियांचीं लक्षणें प्रबंधांत मांडून दाखविलें कीं, हा रोग गरीब स्त्रियांनाही गांठतो आणि त्याचें रूप नेहमींच्या गाउटाहून निराळें आहे. १८५९ मध्यें लंडनचे आल्फ्रेड गॅरड ह्यांनीं त्याला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हें नांव दिलें. गाउटांत रक्तांतील युरिक आम्ल वाढतें, हें त्यांनींच आधीं दाखविलें होतें. म्हणून हे दोन रोग वेगळे करतां आले. सारांश, रन्वार आजारी पडला तेव्हां त्याच्या रोगाचें नांव अवघें तीस-पस्तीस वर्षांचें होतें, आणि औषध तर नव्हतेंच. वेदना कमी करणारी अँटिपायरिन होती, १८९९ पासून अ‍ॅस्पिरिन बाजारांत आलें, आणि ऊन पाण्याच्या झऱ्यांचीं गांवें होतीं. हे सर्व उपाय वेदना घटकाभर शमवीत. रोग पुढें चालतच राही.

औषध नसतां हा मनुष्य जगला कसा आणि चित्रें काढीत राहिला कसा, हा आपला खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर त्याच्या घरांत सांपडतें.

थंड, दमट पॅरिस त्याला सोसेना, म्हणून त्याचे हिंवाळे दक्षिणेंत, भूमध्य समुद्राकडे जाऊं लागले. १९०७ मध्यें त्यानें कान्य गांवाजवळ 'ले कोलेत' नांवाची जुन्या ऑलिव्ह वृक्षांची वाडी विकत घेतली आणि तेथें नवें घर बांधून १९०८ मध्यें तो सहकुटुंब राहावयास गेला. आज तें घर त्याच्या नांवाचें संग्रहालय आहे. घराची सर्व व्यवस्था त्याची पत्नी आलीन पाहात असे. आणि त्या घराच्या दिनक्रमांत तीन गोष्टी विशेष दिसून येतात.

पहिली गोष्ट म्हणजे हालचाल. जोंवर हात चालत होते तोंवर रन्वार सकाळीं कामाला बसण्यापूर्वीं लहान चेंडू वर फेंकून झेलण्याचा व्यायाम करी. हेतु इतकाच कीं, बोटें व मनगट लवचिक राहावीं. पुढें तें जमेना, तेव्हां त्यानें दोरीला बांधलेल्या चेंडूचा 'बिल्बोके' नांवाचा पोरखेळ धरला. चालणेंही त्यानें शक्य तितकें टिकविलें : प्रथम एक काठी, मग दोन काठ्या, मग कुबड्या, १९१२ मध्यें मात्र चाकाची खुर्ची आली.

दुसरी गोष्ट म्हणजे साधनांची रचना. त्याच्या वळलेल्या हातांत कुंचला दोरीनें बांधीत, अशी एक कथा फार पसरली आहे. ती खरी नाहीं. हाताला पट्ट्या गुंडाळीत, त्या तळव्याची नाजूक कातडी नखांनीं व घर्षणानें जखमी होऊं नये म्हणून. कुंचला घरांतील कोणीतरी त्याच्या बोटांत देई, आणि एकदां दिल्यावर तो त्याच्याच पकडीनें व त्याच्याच इच्छेनें चाले. १९१५ मध्यें साशा गित्री ह्यानें घेतलेला एक लहानसा चित्रपट उपलब्ध आहे. त्यांत हा म्हातारा झरझर रंग लावतांना दिसतो आणि त्याचा धाकटा मुलगा क्लोद त्याच्या हाताशीं उभा आहे. खांदा वर उचलत नव्हता, म्हणून मोठ्या चित्राचें कापड दोन आडव्या रुळांवर गुंडाळीत आणि रूळ फिरवून हवा तो भाग त्याच्या हातासमोर आणीत. हात चित्रापर्यंत जात नसेल, तर चित्र हातापर्यंत आणावयाचें, असा हा साधा विचार होता. बागेंत बसून रंगवितां यावें म्हणून ऑलिव्हच्या झाडींत कांचेच्या तावदानांची एक खोली बांधली होती. तेथवर त्याला खुर्चीसकट नेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे शक्तीचा हिशोब. पाय गेल्यावर एका नामांकित डॉक्टरानें त्याला पुन्हां चालतें करण्याचा प्रयत्न केला, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनीं सांगितली आहे. पौष्टिक आहार, व्यायाम वगैरे झाल्यावर एक दिवस डॉक्टरानें त्याला उभें केलें. सर्व बळ एकवटून तो कांहीं पावलें चालला, चित्राच्या चौकटीला वळसा घालून परत आला, खुर्चींत बसला. आणि त्यानें डॉक्टरास सांगितलें कीं, ह्या चालण्यांत माझी सर्व इच्छाशक्ति खर्च होते, रंगविण्यास कांहीं उरत नाहीं, तेव्हां चालणें राहूं द्या. त्यानंतर तो चालला नाहीं. ह्याला कोणी हार म्हणेल; मी तसें म्हणत नाहीं. शिल्लक थोडी असतां ती कोठें खर्चावी, ह्याचा तो निर्णय होता, आणि तो ज्याचा त्यानें केला. डॉक्टरानें केला नाहीं, आणि घरच्यांनींही केला नाहीं.

१९१३ पासून, स्वतःला माती घडवितां येत नव्हती तरी, रिशार गिनो ह्या तरुण शिल्पकाराच्या हातांकरवीं त्यानें पुतळेही घडविले. महायुद्धांत दोन मुलगे जखमी झाले, १९१५ मध्यें आलीन वारली. काम थांबलें नाहीं. १९१९ च्या उन्हाळ्यांत त्याला खुर्चींत बसवून पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयांत नेलें आणि त्यानें तेथें टांगलेलें स्वतःचें चित्र पाहिलें. त्याच वर्षीं ३ डिसेंबर रोजीं तो कान्य येथें वारला. दुखण्याच्या शेवटच्या वीस वर्षांत त्यानें शेंकडों चित्रें काढलीं.

आतां दवाखान्यांतील इतिहास पाहूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्या रोगावर मुख्य उपाय सांगत तो विश्रांतीचा. सुजलेल्या सांध्यांना फळ्या बांधून रोग्याला आठवडेच्या आठवडे बिछान्यांत ठेवीत. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच ह्यांनीं एका तरुण स्त्रीला, पुढें 'कॉर्टिसोन' म्हणून प्रसिद्ध झालेलें द्रव्य प्रथम टोंचलें, आणि अंथरुणावर वळतां न येणारी ती स्त्री थोड्याच दिवसांत चालूं लागली. १९५० मध्यें हेंच, केंडॉल व राइखस्टाइन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हें औषध मोठ्या मात्रेंत दीर्घकाल घेतल्यास हाडें ठिसूळ होणें वगैरे भारी किंमत द्यावी लागते, हेंही लवकरच कळून आलें. मूळ रोगालाच आवर घालणारें मेथोट्रेक्सेट हें औषध १९८० नंतरच्या दशकांत आठवड्यांतून एकदां अल्प प्रमाणांत देण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढें त्याच्या जोडीला जैविक औषधें आलीं. रोग प्रथमावस्थेंतच ओळखून हीं औषधें सुरू झालीं, तर रन्वारच्या हातांसारखे हात होण्याचा प्रसंग आज बहुधा टाळतां येतो.

रन्वारच्या घरांत जें सहजबुद्धीनें झालें होतें, त्याला शास्त्राचें रूप मात्र उशिरा आलें. १९६५ मध्यें अमेरिकेंत जॉय कॉर्डरी ह्या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनीं 'सांध्यांचें रक्षण' ह्या विषयावर लेख लिहिला आणि त्याचीं तत्त्वें मांडलीं. वेदनेचा इशारा मानावा. काम व विसांवा आलटून-पालटून ठेवावा. जें काम मोठ्या सांध्यानें होतें तें लहान सांध्यावर टाकूं नये. एकाच स्थितींत फार वेळ राहूं नये. बोटें वांकडीं करणारी ओढ टाळावी. पुढें इंग्लंडांत अ‍ॅलिसन हॅमंड ह्यांनीं रुग्णांचे दोन गट करून, हीं तत्त्वें केवळ सांगितल्यानें नव्हे, तर हातानें पुन्हां पुन्हां गिरवून घेतल्यानें उपयोग होतो, असें २००१ सालीं दाखविलें. शाळेंत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्याला ह्याचें नवल वाटलें नाहीं. व्यायामाविषयींची भीतिही अशीच ओसरली. हॉलंडांत सुमारें तीनशें रुग्णांवर दोन वर्षें चाललेल्या प्रयोगाचा निकाल २००३ मध्यें प्रसिद्ध झाला. नियमित, जोमदार व्यायाम करणाऱ्यांचें हिंडणें-फिरणें सुधारलें आणि सांध्यांची हानि एकंदरींत वाढली नाहीं. जे मोठे सांधे आधींच फार बिघडलेले, त्यांच्याबाबत मात्र जपून राहावें, असें त्यांत आढळलें.

ह्याच काळांतील एक घरगुती गोष्ट सांगतों. सॅम फार्बर हे अमेरिकेंतील भांड्यांचे व्यापारी. त्यांच्या पत्नी बेट्सी ह्यांच्या हातांना संधिवात होता आणि बटाटे सोलण्याच्या नेहमींच्या बारीक पत्र्याच्या सोलाण्यानें त्यांचे हात दुखत. फार्बर ह्यांच्या मनांत आलें कीं, दोष हाताचा कीं सोलाण्याचा? १९९० मध्यें त्यांनीं जाड, मऊ रबरी मुठीचीं स्वयंपाकाचीं साधनें 'ऑक्सो' ह्या नांवानें बाजारांत आणलीं, आणि धडधाकट हातांच्या लोकांनींही तीं उचलून धरलीं. मूठ जाड झाली कीं बोटें कमी मिटावीं लागतात व कमी बळ पुरतें, एवढेंच त्यांतील रहस्य आहे.

हें सारें वाचल्यावर मीं माझा हुकूम मागें घेतला. पत्नीला विचारलें, "तुला कोणतीं कामें स्वतः करावींशीं वाटतात आणि कोणतीं सोडावींशीं वाटतात?" तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें व म्हणाली, "अहो, हें आधीं विचारलें असतें तर!" कपडे पिळणें, पाण्यानें भरलेली कळशी उचलणें आणि नारळ खवणें हीं तिनें आनंदानें सोडलीं. कणीक मळणें, पोळ्या लाटणें आणि देवपूजा हीं तिनें मागून घेतलीं.

मग आम्हीं घराची मांडणी बदलली. सुरीच्या मुठीवर जुनें सुती कापड जाड गुंडाळून घट्ट शिवलें. विळीसमोर मांडी घालून बसण्याऐवजीं भाजी आतां टेबलाशीं खुर्चीवर बसून चिरली जाते. परातीखालीं ओलें फडकें घातल्यानें ती सरकत नाहीं आणि डाव्या हाताला ती दाबून धरावी लागत नाहीं. कणीक सैलसर भिजवून थोडा वेळ झांकून ठेविली, म्हणजे मळावयास निम्मेंच बळ लागतें. बरणीचें झांकण बोटांच्या चिमटींत न धरतां, त्यावर तळवा टेकून खांद्याच्या जोरानें फिरवावें. जड पातेलें एका हातानें कडेला धरून न उचलतां दोन्ही तळव्यांवर घ्यावें. ओट्यावरून तें सरकवितां आलें तर उचलूंच नये. लहानसा रुमाल पिळावयाचा झाला, तर तो नळाला वेढून दाबावा. बाजाराची पिशवी बोटांना अडकविण्याऐवजीं खांद्याला लावावी. सकाळीं कोमट पाण्यांत हात बुडवून मूठ सावकाश उघडावी-मिटावी.

ज्यांचें दुखणें गुडघ्याचें व झिजेचें आहे, त्यांनाही हाच न्याय लागू आहे. फार वेळ उकिडवें बसूं नये. शौचकूपाची बैठक उंच असावी आणि भिंतीला धरावयास दांडा असावा. काठी धरावयाची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावे. वजन अधिक असेल तर तें कमी करावें. कारण शरीराचें वजन एक किलो घटलें, तर चालतांना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो, असें मोजमापानें आढळलें आहे. काम करून झाल्यावर वाढलेलें दुखणें दोन तासांनंतरही कायम राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं तें काम थोडें कमी करावें. अजिबात बंद करूं नये.

आणि एक गोष्ट मास्तराच्या अधिकारानें नव्हे, तर नवऱ्याच्या पश्चात्तापानें सांगतों. हातापायांचे लहान सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि असें कांहीं आठवडे चाललें असेल, तर "वयपरत्वें होतेंच" म्हणून घरांतल्या बाईचें दुखणें उडवून लावूं नका. तिला संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या, आणि सुरू झालेलें औषध त्यांना विचारल्यावांचून बंद करूं नका. ह्या रोगांत पहिले महिने फार मोलाचे असतात. रन्वारला ते लाभले नाहींत, कारण त्या काळीं औषधच नव्हतें. आपल्याला ती सबब नाहीं.

आमच्या घरीं आतां सकाळीं पोळ्या पुन्हां माझी पत्नीच लाटते. चार लाटल्या कीं ती हात पुसून थोडी बसते, मग पुढच्या चार. तवा उतरविण्याचें काम माझ्याकडे आहे. पहिले कांहीं दिवस मीं बोटें पुष्कळ भाजून घेतलीं, पण ती विद्याही गिरवूनच आली. बरणी आतां तीच उघडते, आणि मीं मदतीला हात पुढें केला तर "राहूं द्या" म्हणते.